गच्चीवरचे शेंडेनक्षत्र

महाराष्ट्रात नायगावे निदान तीन तरी आहेत, आणि त्यांत आमचे नायगाव सर्वांत कमी प्रसिद्ध. एक सातारा जिल्ह्यातले. तिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्या गावाचे नाव निघाले की हात जोडावेत. दुसरे वसईच्या अलीकडचे. त्याला पश्चिम रेल्वेने स्वतंत्र स्टेशन दिले आहे, त्यामुळे आमच्याकडे येण्यास निघालेले नवे पाहुणे हटकून तिथे उतरतात आणि "आता कुठल्या बाजूला बाहेर पडू?" म्हणून फोन करतात. तिसरे आमचे. याला स्टेशन नाही. दादरला उतरा, परळला उतरा, नाही तर वडाळ्याला. कुठूनही थोडे चालले की नायगाव लागते, आणि लागले हे ध्यानात येण्याच्या आत ते संपतेही.

अशा गावाचे प्रवासवर्णन कोण लिहील? दिवाळी अंकांतून लोक काश्मीरला जातात, हंपीला जातात, आताशा आइसलंडलाही जाऊन येतात. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, माझा प्रवास झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापासून गच्चीपर्यंत. पायऱ्या चव्वेचाळीस. जे पाहावयास गेलो ते मात्र सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर होते, तेव्हा अंतराच्या बाबतीत तरी कोणी मला नावे ठेवू नयेत.

नायगावच्या आभाळाविषयी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हे मूळचे गिरणगावातले आभाळ. कोहिनूर मिल, स्प्रिंग मिल, पलीकडे परळच्या गिरण्या. त्यांच्या भोंग्यांवर इथली घड्याळे लागत आणि त्यांच्या धुराड्यांवरून वारा कुठला आहे ते समजे. या गिरण्यांतल्या माणसांसाठी १९२० नंतरच्या चारपाच वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधल्या. वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी आणि नायगाव. आमच्या वाट्याला बेचाळीस चाळी आल्या. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तीत एक कुटुंब, बहुधा गावाकडचे दोनचार पाहुणे, आणि वरती माळा. एवढ्याशा खोलीत राहणारा माणूस आभाळ पाहण्यास बाहेर येईल असे वाटते, पण तो बाहेर येई तो पाळी गाठण्यासाठी. वर पाहण्यास सवड नव्हती, आणि पाहिले तर धूर होता.

आता धूर नाही. स्प्रिंग मिलच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले आहेत, आणि ते एवढे उंच आहेत की ढग खाली आले म्हणजे त्यांचे वरचे मजले दिसेनासे होतात. बीडीडी चाळीही एकेक करून पडत आहेत व त्यांच्या जागी टॉवर चढत आहेत. त्यांतल्या घरांत पाचशे चौरस फूट आणि स्वतःचा संडास मिळणार आहे. ज्यांनी सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहण्यात जन्म काढला त्यांना या टॉवरांचे दुःख करा म्हणून सांगण्याची माझी तरी छाती नाही. एवढेच की पूर्वी आकाश धुराने झाकले जाई, ते आता उजेडाने झाकले जाते. अमावास्येच्या रात्रीसुद्धा आमच्या डोक्यावर एक नारिंगी-पांढरी झिलई असते. तीतून जे सातआठ तारे धडपडत बाहेर येतात, त्यांच्यावर आम्ही खगोलशास्त्र भागवतो.

मी मराठी शिकवते, त्यामुळे आकाशातल्या वस्तूंशी माझी ओळख व्हावयाची ती शब्दांवरून. 'धूमकेतू' हा शब्द पाहा. धूम म्हणजे धूर, केतू म्हणजे निशाण. धूर हेच ज्याचे निशाण तो धूमकेतू. या हिशेबाने १९८० पूर्वीचे आमचे सबंध नायगाव हाच एक धूमकेतू होता म्हणावयाचा! पण आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द नसे. ती 'शेंडेनक्षत्र' म्हणे. ज्याला शेंडी आहे ते नक्षत्र. इंग्रजीतला 'कॉमेट' हा शब्दसुद्धा ग्रीकांच्या 'केसाळ' तारकेवरूनच आलेला आहे. शेंडी म्हटल्याने वस्तू कशी घरगुती होते, आणि भीतीही जराशी कमी होते.

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त केतूंवर एक अध्यायच लिहिला आहे. त्यात तो मोठी मौजेची माहिती देतो: केतू एकशेएक आहेत असे काही म्हणतात, काही म्हणतात एक हजार, आणि नारदमुनींचे मत असे की केतू एकच, तोच नाना रूपांनी दिसतो. 'तोच तो पुन्हा येतो' ही कल्पना युरोपात एडमंड हॅलेने १७०५ साली गणित करून मांडली. नारदांपाशी गणित नव्हते आणि त्यांना म्हणावयाचे होते तेही निराळे. तरी वर्गात हे सांगितले की मुले क्षणभर मोबाइल खाली ठेवतात, हे काही थोडे नाही.

तर २०२५ च्या दिवाळीतला हा धूमकेतू. नाव लेमन. लिंबाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात माउंट लेमन नावाचा डोंगर आहे, तिथल्या दुर्बिणीने तो ३ जानेवारी २०२५ रोजी टिपला. त्या वेळी तो इतका मंद होता की त्याच्याकडून कोणी काही अपेक्षा केली नाही. पण ऑक्टोबरपर्यंत तो चांगलाच उजळला, आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका २१ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. याआधी तो सूर्याला भेटून गेला त्याला सुमारे साडेतेराशे वर्षे झाली. त्या वेळी इकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते, वराहमिहिराला जाऊन शतक उलटत आले होते आणि मुंबई म्हणजे समुद्रातली सात बेटे होती. या खेपेस येताना वाटेत गुरूने त्याला जरा ओढले, त्यामुळे त्याची पुढची फेरी थोडी लवकर, म्हणजे सुमारे साडेअकराशे वर्षांनी व्हावयाची आहे.

त्याच दिवसांत स्वान नावाचा दुसरा एक धूमकेतू दक्षिणेकडे होता. शिवाय सूर्यमालेच्या बाहेरून आलेल्या एका तिसऱ्याविषयी, तो धूमकेतू नसून परग्रहावरचे यान आहे, अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फराळाच्या पाककृतींबरोबर येत होत्या. १९१० साली हॅलेच्या शेपटीतून पृथ्वी जाणार म्हटल्यावर विषारी वायूने सगळे मरणार अशी आवई उठली होती. लोकांनी त्यावर गोळ्या विकल्या आणि लोकांनीच त्या घेतल्या. शंभर वर्षांत गोळीचे फक्त रूप बदलले.

मला हे सगळे ठाऊक झाले ते दादामुळे. माझा थोरला भाऊ डोंबिवलीस राहतो, बँकेत नोकरी करतो आणि पावसाळा संपला की वांगणीला आकाश पाहण्यास जातो. तिथे खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम होतात. हे मंडळही हॅलेच्याच निमित्ताने शीवला सुरू झाले. १९९७ च्या मार्चएप्रिलात याच दादाने मला डोंबिवलीच्या आमच्या गच्चीवर नेऊन हेल-बॉप दाखवला होता. तो काय शोधावा लागत नव्हता. वायव्येकडे तोंड केले की समोर उभा, शेपटीसकट. तेव्हापासून धूमकेतू म्हणजे असाच ठळक असावयाचा, असा माझा समज. भाऊबिजेला दादा आला तो ओवाळणीत साडीऐवजी दुर्बीण घेऊन. दहापट मोठे दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची, दोन्ही डोळ्यांना लावावयाची. यजमान म्हणाले, "पुढच्या वर्षी साडी दोन वर्षांची एकदम द्या."

आता गच्ची. मुंबईत ज्यांच्या इमारतीला गच्ची आहे त्यांना माहीत असेल की गच्ची ही वर नसते, ती चिटणिसांच्या कपाटात असते. किल्ली मागावयास गेले तर प्रथम कारण विचारतात. वाळवण म्हटले तर मिळते, लग्नाचा मांडव म्हटला तर अर्ज लागतो. धूमकेतू म्हटल्यावर चिटणीस बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गच्चीवर फटाके लावायचे नाहीत." मी म्हटले, "नाही लावणार." "मग ठीक आहे. मीही येतो."

मी काकांना बोलवावयास गेले. काका म्हणजे तळमजल्यावरचे आमचे शेजारी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ते मला सूनबाई म्हणतात. वय एकोणऐंशी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, गुडघे मात्र मूळचेच. ते याच भागातल्या एका गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसे बाहेर आली, त्यांत काका छत्तीस वर्षांचे. पुढे काय झाले ते या अंकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. काका गिरणीत परत गेले नाहीत. परत जाण्यास गिरणी उरली नाही. शिवडीला बंदराकडच्या एका गोदामावर ते रात्रीचे राखणदार झाले, आणि तीनही मुलांची शिक्षणे त्या राखणीवर झाली.

हॅले आला तो १९८६ साली, त्या राखणीच्या दिवसांत. वर्तमानपत्रांतून रोज त्याचे नकाशे येत. वरळीच्या नेहरू तारांगणावर लोकांची रीघ लागलेली. मार्चमध्ये तो पहाटे आग्नेयेला दिसणार होता आणि काकांची पाळी नेमकी पहाटे संपणारी, समोर खाडी, त्यामुळे पूर्व दिशा मोकळी. असा योग कोणाला येतो? काका म्हणतात, "महिनाभर पाहिलं. माहुलच्या तेलाच्या कारखान्यांच्या ज्वाळा दिसायच्या. त्याच्यावर काय दिसणार? आणि दाखवणारं कोणी नव्हतं." दोष काकांच्या डोळ्यांचा नव्हे. त्या खेपेस हॅले ९ फेब्रुवारीला सूर्याजवळ पोचला तेव्हा पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला होती. दोन हजार वर्षांत तो इतका मंद कधी दिसला नव्हता. नायगावची धुराडी थंड पडली, हवा जरा निवळली, आणि नेमका तेव्हाच पाहुणा लांबून गेला.

पण दिसला नाही तरी त्याने काकांच्या घरी यावयाचे ते आलेच. काकांची आई म्हणाली, शेंडेनक्षत्र उगवलं म्हणून पोराची नोकरी गेली. काका मला हे सांगतात तेव्हा अजून त्यांचा आवाज चढतो. "मी म्हटलं, आई, गिरणी बंद पडली ब्याऐंशीला, हे आलं शहाऐंशीला. नंतरच्या पाळीला आलेल्या बदली कामगारावर आधीच्या पाळीतला दोष कसा टाकायचा?"

यावर त्या माउलीने काय उत्तर दिले ते काका सांगत नाहीत. मला मात्र ऐकताना सभासदाची बखर आठवली. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर गेले. सभासदाने पुढे पंधरासोळा वर्षांनी जिंजीला बसून बखर लिहिली, आणि त्या दिवशीचे उत्पात सांगताना आकाशात धूमकेतू उगवल्याचेही लिहिले. १६८० सालचा धूमकेतू खरा आहे. दुर्बिणीने शोधलेला तो पहिला धूमकेतू, आणि मोठा प्रखर. पण जर्मनीत गॉटफ्रीड कर्शने तो प्रथम पाहिला तो १४ नोव्हेंबरला, महाराज गेल्यानंतर सात महिन्यांनी. सभासदाला हाच धूमकेतू अभिप्रेत असेल असे मी पैजेवर सांगणार नाही. माझा आपला तर्क असा की ज्यांचा आधार गेला त्या माणसांनी पुढे हिवाळ्यात ते आभाळ पाहिले असेल, आणि वर्षे लोटल्यावर दोन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या होऊन बसल्या असतील. काकांच्या आईनेही दुसरे काय केले? संपाला चेहरा नव्हता. शेंडेनक्षत्राला निदान शेंडी होती.

काका गच्चीवर आले ते प्रत्येक जिन्यावर थांबत. त्यांच्यासाठी खुर्ची आधीच वर नेली होती. आमच्या कन्येने, तिला दहावे वर्ष आहे, फुलबाज्या खाली ठेवून त्यांची काठी धरली. सव्वासहाच्या आधी सूर्य गेला. पाऊस त्या वर्षी पुरता गेला नव्हता, दक्षिणेला ढगांच्या राशी होत्या. पश्चिम मात्र तासाभरापुरती मोकळी होती. प्रभादेवीच्या बाजूच्या दोन मनोऱ्यांच्या फटीत दादाला स्वाती सापडली. "आता हात लांब करा, मूठ वळा आणि स्वातीच्या वर धरा. मूठ संपते तिथे तो आहे. पण अर्धा तास कोणी मोबाइल उघडायचा नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते." अर्धा तास मोबाइलशिवाय बसलेली दहाबारा माणसे मी पुष्कळ वर्षांनी पाहिली. बोलणे साहजिकच पुनर्विकासावर गेले. आमची इमारतही आता जावयाची आहे. मार्गशीर्षात सभा ठरली होती. काकांनी एवढेच विचारले, "नव्या इमारतीत गच्चीवर जाऊ देतात का?" चिटणीस म्हणाले, "असेल काहीतरी नियम."

सातच्या सुमाराला दादाने दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवून नेमकी लावली आणि एकेकाला बोलावले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, दिसला!" यजमान म्हणाले, "हो हो, आहे खरा." चिटणिसांना तर शेपटीसकट दिसला, परंतु तो हलत होता आणि त्याला लाल दिवा होता. मी डोळे लावले. काळोख नव्हे, राखाडी उजेड. त्यात दोन बारीक तारे. आणखी काही नाही. दादा विचारीत होता, "दिसतोय ना?" आणि मी चारचौघांसारखे "हो" म्हणण्याच्या बेतात होते.

काकांची पाळी आली. ते खुर्चीवरून उठून टाकीशी उभे राहिले. खाली रस्त्यावर माळ लागली, संपली. कोणी म्हणाले, "दिसला ना काका?" काका म्हणाले, "नाही." पुन्हा बराच वेळ. "नाही दिसत." इतर मंडळी जरा अवघडली. कन्या म्हणाली, "आजोबा, माझ्या बाजूने बघा." मग काकांनी मान किंचित वळवली, आणि वळवली तशीच ठेवली.

"पाहुणे," ते दादाला म्हणाले, "हा रोखून पाहिला की जातो. नाही म्हणून नजर जरा बाजूला केली, की कडेला आहे. असंच आहे का ते?"

दादा क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आज इथे खरा दिसलाय तो तुम्हाला." आणि त्याने सांगितले की डोळ्याच्या मधोमध ज्या पेशी असतात त्यांना भरपूर उजेड लागतो, अंधुक उजेड ओळखणाऱ्या पेशी कडेने असतात. म्हणून मंद वस्तू तिरप्या नजरेने पाहावयाची असते. हे त्याने आम्हाला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही सगळे दिसला म्हणालात."

मग आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने पुन्हा रांग लावली. आता मलाही दिसला. व्हॉट्सॲपवरच्या छायाचित्रांतला हिरवा लखलखीत गोळा आणि निळी शेपटी यांच्याशी त्याचे काही नाते नव्हते. कॅमेरा कितीतरी वेळ उजेड साठवतो, डोळा साठवीत नाही. काचेवर फुंकर घातल्यावर उमटावा तसा एक धूसर डाग, मध्ये किंचित दाट, आणि वरच्या अंगाला, असेल किंवा नसेल अशी, एक पुसट रेघ. बर्फाचा आणि धुळीचा एक गोळा सूर्याच्या उबेने विरघळतो आहे आणि त्याची वाफ नऊ कोटी किलोमीटरवरून नायगावात दिसते आहे, हे मनात आणावे लागत होते. नुसत्या पाहण्यातून ते येत नव्हते.

"कापूस," काका म्हणाले. "खात्यात दिव्याखाली तंतू तरंगत असायचे ना, तसा. छातीत तोच जाऊन बसला कित्येकांच्या." ते खुर्चीवर बसले. "परत कधी येणार हा?"

"साडेअकराशे वर्षांनी."

काकांनी हिशेब केल्यासारखे केले. "मग तोवर पुनर्विकास होईल," ते म्हणाले. सर्वांत मोठ्याने चिटणीस हसले.

"आणि तो जुना? शहाऐंशीचा?" दादाने सांगितले की हॅले ९ डिसेंबर २०२३ ला आपल्या वाटेच्या सर्वांत लांबच्या टोकाला जाऊन वळला आहे, आता तो इकडेच निघाला आहे, २०६१ च्या जुलैत पोचेल, आणि शहाऐंशीपेक्षा पुष्कळ चांगला दिसेल. शिवाय याच दिवसांत, दिवाळीच्या आसपास, मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्राच्या बाजूने ज्या उल्का पडतात तो हॅलेने मागे टाकलेला चुराच आहे. कन्येने बोटे मोडली. "तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची असेन. आईएवढी!" माझे वय अशा रीतीने गच्चीवर जाहीर झाले. काका तिला म्हणाले, "मग तेव्हा त्याला बघ, आणि सांग, तळमजल्यावरच्या आजोबांनी महिनाभर वाट बघितली होती. चुरा पाठवलास तो पोचला म्हणावं."

त्यानंतर आठवडाभर अरबी समुद्रावरून ढग येत राहिले, मधूनमधून पाऊसही झाला. संध्याकाळी काका गच्चीवर जाऊन खुर्चीवर बसत आणि साडेसातला उतरत. नोव्हेंबर लागल्यावर दादाने फोनवर कळवले की धूमकेतू आता मावळतीच्या उजेडात बुडाला, मुंबईहून दिसण्याची आशा सोडा. मी काकांना तसे सांगितले. "बरं," ते म्हणाले, आणि विचारले की त्या उल्का किती वाजल्यापासून पडतात. किल्ली चिटणिसांकडे परत गेलेली नाही. काकांच्या दाराशी खुंटीवर, काठीच्या शेजारी, ती अजून लटकते आहे.